भाव काय निघाला?

लासलगावात दिवसाची मुख्य बातमी तीन आकड्यांत येते: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. सकाळचा लिलाव सुरू होऊन थोडा वेळ झाला, की हे आकडे बाजार समितीच्या आवारातून बाहेर पडतात आणि चहाच्या टपरीवर, सलूनच्या खुर्चीत, बँकेच्या रांगेत कोणी विचारायच्या आत पोहोचतात. समोरासमोरून येणारे दोन मोटारसायकलवाले गाडी न थांबवता, नुसता वेग कमी करून एकमेकांना विचारतात, “काय नाना, काय निघाला?” कशाचा, हे सांगायची गरज नसते. नाना म्हणतात, “सोळाशे एक निघाला. आपला चौदाशेतच गेला.” या दोन वाक्यांच्या मधल्या दोनशे रुपयांवर संध्याकाळपर्यंत गप्पा रंगतात.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातलं हे गाव. मुंबईहून मनमाडकडे जाताना निफाड मागे पडलं की लासलगावचं स्टेशन येतं. बाजार समिती १९४७ सालची. विंचूर आणि निफाड हे तिचे उपबाजार. वर्तमानपत्रात लासलगावचं नाव सहसा एकटं येत नाही, ‘आशिया खंडातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ’ हे बिरुद त्याच्या आधी लागतंच. हे वाचून शेजारच्या पिंपळगाव बसवंत बाजाराची मंडळी गालातल्या गालात हसतात, कारण कित्येक दिवस त्यांच्याकडची आवक लासलगावहून जास्त असते. हिवाळ्यात सोलापूरच्या बाजारात लाल कांद्याच्या गाड्यांची जी रीघ लागते, तीही लासलगावला मागे टाकते. तरीही देशात कुठेही कांद्याचा भाव सांगायचा झाला की ‘लासलगावला काय चाललाय’ हेच विचारतात. दिल्लीतले अधिकारी तेच बघतात, वाशीचा व्यापारी तेच बघतो आणि पिंपळगावचा शेतकरीसुद्धा ट्रॅक्टरला चावी मारण्याआधी तेच बघतो. मोठेपणा ट्रॉल्या मोजून ठरवायचा की कोणाच्या भावावर बाकीचे आपला भाव बांधतात त्यावरून, हा वाद लासलगावकरांपुरता कधीच मिटलेला आहे.

गावाची आणखी एक गंमत. तालुका निफाड, पण विधानसभेचं मत येवल्याला. सातबाऱ्यासाठी एका दिशेला जायचं आणि आमदारांना भेटायला दुसऱ्या. बाहेरच्याला हे चक्रावून टाकतं, गावकऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही.

हंगामात ट्रॅक्टर रात्रीपासूनच लागायला सुरुवात होते. ज्यांचा नंबर लांब असतो, ते ट्रॉलीखाली ताडपत्री अंथरून पाठ टेकतात. उजाडेपर्यंत आवारात ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगाच रांगा. गर्दीच्या दिवसांत हजारभर वाहनं येतात आणि पंधरा-वीस हजार क्विंटल कांदा एका दिवसात हातावेगळा होतो. ट्रॉल्यांच्या मागे आई-वडिलांचे आशीर्वाद, कुलदैवतं आणि बैलजोड्या रंगवलेल्या असतात. ज्यांच्या शेतात आता बैल राहिले नाहीत, त्यांच्याही ट्रॉलीवर बैलजोडी असतेच.

लिलाव पाहायला बाहेरगावचा माणूस उभा राहिला, तर पहिल्या पाच-सात ट्रॉल्या होईपर्यंत त्याला काय चाललंय तेच कळत नाही. कांदा गोणीत नसतो, ट्रॉलीत मोकळा भरलेला असतो. शेतकरी वर उभा. बाजार समितीचा माणूस पुकारा करत पुढे, व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्या मागे, आणि हा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे चालत राहतो. व्यापारी कोपरापर्यंत हात आत घालतो आणि खालचा कांदा वर काढतो, कारण वरचा थर सगळेच नीट लावतात. मान दाबून बघतो. मऊ लागली तर कांदा फार दिवस टिकणार नाही. पत्ती निघून गेलीय का, काजळी आहे का, रंग कसा आहे, हे तळहातावर एकदा फिरवून कळतं. तोवर आकडे सुटलेले असतात. बाराशे, साडेबारा, तेराशे, तेराशे एक. पुकारणारा क्षणभर थांबतो, कोणी पुढे बोलत नाही, चिठ्ठी फाटते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीला भिडतो. रोप टाकल्यापासून पाच-सहा महिने राबून आलेल्या पिकाचा निकाल लागायला मिनिटसुद्धा लागत नाही. वर उभा असलेला माणूस त्या मिनिटात सहसा काही बोलत नाही. बोलायचं ते तो चिठ्ठी हातात पडल्यावर बोलतो, आणि ते छापण्यासारखं असतंच असं नाही.

भावाच्या शेवटी येणारा तो ‘एक’ इथे जागोजागी भेटतो. आहेरातल्या रुपयाचं आणि त्याचं नातं उघड आहे. नव्या लाल कांद्याचा मुहूर्त निघतो तेव्हा तर त्या एकाला ऊत येतो. पहिल्या गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, शेतकऱ्याला टोपी-उपरणं मिळतं आणि व्यापारी हौसेनं असा काही भाव बोलतो, की दुसऱ्या दिवशी तो फक्त वर्तमानपत्रात उरतो. मुहूर्ताचा भाव पाहून शेजारचा शेतकरी घाईने कांदा उपटायला लागतो. जाणते त्याला सांगतात, पहिल्या ट्रॉलीवर जाऊ नको, दहाव्या ट्रॉलीचा भाव विचार.

भाव ठरला म्हणजे काम संपलं असं नाही. भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. ढीग पडताना आतला माल वरच्यापेक्षा वेगळा निघाला, तर व्यापारी ‘वांधा’ काढतो. मग भाव कमी करा, नाही करत, उचला तुमचा माल, आता कसा उचलू, असं सुरू होतं. कधी ते दहा मिनिटांत मिटतं, कधी बाजार समितीच्या माणसाला मध्ये पडावं लागतं. रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर चढते आणि हिशेबपट्टी बनते. २०१६ सालाने या पट्टीचं रूप दोनदा बदललं. त्या पावसाळ्यात शेतकऱ्याकडून अडत घ्यायची नाही असा कायदा आला आणि त्यावरून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि पिशवीत नोटा घालून घरी जायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय मोडली. आधी चेक आले, मग पैसे थेट खात्यात यायला लागले. काही म्हाताऱ्यांची त्यावर वेगळीच तक्रार आहे. पूर्वी पैसे मोजताना घरच्यांपैकी कोणालाच आकडा कळत नव्हता, आता पोराच्या मोबाइलवर आधी वाजतो.

खळ्यावर मात्र राज्य बायांचं. ढिगाभोवती बसून त्या कांदे निवडतात, आणि त्यांचे हात बोलण्यापेक्षा वेगात चालतात. मोठा एकीकडे, मधला दुसरीकडे, गोल्टी तिसरीकडे. जोड कांदा बाजूला, खराब झालेली खाद आणखी बाजूला. गोल्टी म्हणजे लिंबापेक्षा जरा मोठा कांदा. त्यालाही गिऱ्हाईक आहे, भाव तेवढा वेगळा. मग जाळीच्या गोण्या भरतात, तोंडं शिवली जातात आणि ट्रक कुठल्या राज्यात निघाला त्यावर मालाचा आकार ठरतो. निवडताना उडालेल्या टरफलांचा थर वाऱ्याबरोबर रस्त्यावर येतो. लासलगावातून जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून गाव दिसायच्या आधी वासाने कळतं, आणि रस्त्याच्या कडेला ही गुलाबी-तांबूस पत्ती साचलेली असते.

कांदा एकच असला तरी इथल्या बोलण्यात तो तीन नावांनी वावरतो. पावसाळ्यात लावलेला आणि दसरा-दिवाळीच्या पुढेमागे निघणारा पोळ, त्याच्या मागून येणारा रांगडा, आणि डिसेंबर-जानेवारीत लावून मार्चपासून मेपर्यंत काढायचा उन्हाळ. पहिले दोन तिखट, रंगाने गडद, पण टिकायला कच्चे. काढले की विकावेच लागतात. खरी मिजास उन्हाळ कांद्याची. देशाच्या कांद्यातला निम्म्याहून मोठा वाटा या रब्बी पिकाचा, आणि पुढचे पाच-सहा महिने तोच पुरवायचा असतो. शेजारच्या पिंपळगाव बसवंतच्या कांदा संशोधन केंद्रातून निघालेला एन-२-४-१ हा वाण इकडे इतका रुळला, की बरेच जण त्याला सरळ गावठी म्हणून मोकळे होतात. लासलगावच्या कांद्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण शेतकऱ्यांच्या गप्पांत मानांकनापेक्षा जास्त वेळा नाव निघतं ते पालखेडच्या कालव्याचं. आवर्तन कधी सुटणार आणि किती दिवस चालणार, यावर उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकायचं की थांबायचं हे ठरतं.

आणि मग चाळ. मुंबईकराला चाळ म्हटलं की जिना आणि गॅलरी आठवते. निफाड तालुक्यात चाळ म्हणजे घराशेजारी किंवा मळ्यात उभं असलेलं, दोन्ही बाजूंनी फटी ठेवलेलं, जमिनीपासून उचललेलं, अरुंद आणि लांबट कांद्याचं घर. हवा आरपार खेळावी म्हणून रुंदी जेमतेम चार-पाच फूट. पंचवीस टनांपर्यंतच्या चाळीला सरकारचं अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगाव त्या दिसतात. उन्हाळ कांदा चाळीत गेला की घरात एक नवाच पाहुणा आल्यासारखं होतं. रात्री पाऊस आला तर आधी ताडपत्री, मग माणसं.

चाळ म्हणजे उलट्या व्याजाची बँक. ठेवलेली रक्कम महिन्या-महिन्याने आपसूक घटत जाते: ओलावा उडतो, काही कांदे सडतात, काहींना कोंब फुटतात. पाच महिन्यांत तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आणि दमट पावसाळ्यात त्याहूनही जास्त घट सोसावी लागते. तेवढ्या काळात भाव त्याहून जास्त चढला तरच ठेवणारा जिंकला. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत तालुकाभर एकच विषय चालतो, चाळ फोडायची की थांबायचं? घरात यावर एकमत झालं असं क्वचित घडतं. बाप म्हणतो, थांबू. मुलगा म्हणतो, विकून मोकळे होऊ. आई म्हणते, निम्मा विका. बहुतेक वेळा आईचंच होतं आणि बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं ठरतं. दुकानातली उधारीही याच हिशेबाने चालते. ‘कांदा विकला की देतो’ हे वाक्य किराणा दुकानदार, खतवाला आणि मंडपवाला तिघंही मान्य करतात, कारण त्यांचीही एखादी चाळ कुठेतरी असतेच.

चाळ फोडायच्या या एका प्रश्नापायी लासलगावच्या पारावर बसलेल्या माणसाचं भूगोलाचं ज्ञान थक्क करणारं आहे. कर्नाटकात पाऊस किती झाला, राजस्थानातल्या अलवरचा कांदा कधी निघणार, गुजरातमधल्या महुव्याला आवक कशी आहे, बांगलादेशाने आयातीला परवाने दिले का, याची खबर त्याच्याकडे असते. उत्तरेत नवरात्र लागलं की मागणी खाली येते हे त्याला पाठ आहे. ‘एमईपी’ म्हणजे किमान निर्यात मूल्य, हे शहरातल्या पदवीधराला समजावून सांगावं लागेल. इथे ट्रॅक्टरचा ड्रायव्हर चहा ओतता ओतता सांगतो. दिल्लीत रात्री उशिरा निघालेली अधिसूचना सकाळी लिलावाच्या आधी गावभर वाचलेली असते, आणि तीही इंग्रजीत.

त्याला कारण आहे. १९९८ साली कांदा महागला आणि दिल्ली राज्यातलं भाजपचं सरकार त्या हिवाळ्यातल्या निवडणुकीत गेलं, तेव्हापासून प्रत्येक सरकारला कांद्याचा धसका आहे. भाव चढला की पहिला हात निर्यातीच्या दाराला जातो. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी आली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा. १९ ऑगस्ट २०२३ ला चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं, त्यावरून लिलाव बंद पडले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला थेट बंदीच आली. ती उठायला ४ मे २०२४ उजाडलं. शेवटचं उरलेलं वीस टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं. भाव पडतात तेव्हा मात्र इतक्या तातडीने काही होत नाही, अशी इथली जुनी कुरकुर आहे, आणि तारखा लावून पाहिल्या तर ती खोटी म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते सगळेच्या सगळे पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले. भांडण, मोर्चा, घोषणा यांतलं काहीही नाही, पोस्टात जाऊन फॉर्म भरला. हा तिरकस शांतपणा या भागाचा खास आहे. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरी मतदारसंघात, ज्यात लासलगाव येतं, केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार यांचा भास्कर भगरे या शिक्षक उमेदवाराने पराभव केला. त्या निकालात कांद्याचा वाटा किती, यावर पुण्या-मुंबईत चर्चासत्रं झाली. लासलगावात एकही झाल्याचं ऐकिवात नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात कांद्याला रेल्वेचा मान मिळाला. सणासुदीत दिल्लीतले भाव आवरण्यासाठी सरकारने आपल्या साठ्यातला सोळाशे टन कांदा मालगाडीने दिल्लीच्या किशनगंज स्थानकावर नेला, आणि गाडीला नाव पडलं ‘कांदा एक्स्प्रेस’. दिल्लीकरांना पस्तीस रुपये किलोचा कांदा मिळाला. चाळीत थोडाफार माल राखून बसलेल्या इथल्या शेतकऱ्याने आपला भाव आता खाली येणार, एवढंच त्या बातमीतून वाचलं.

लासलगावातल्या सगळ्या विसंगतींत सगळ्यांत गोड विसंगती मात्र आंब्याची आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने इथे २००२ साली ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची हलकी मात्रा दिली, की कांद्याच्या आतला कोंब वाढायचा थांबतो. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, रुग्णालयात एक्स-रे काढलेला माणूस होत नाही तसाच. तंत्र उत्तम होतं, पण मोकळ्या ट्रॉलीने येणारा आणि किलोमागे रुपया-दोन रुपयांच्या फरकावर विकला जाणारा माल तिथपर्यंत नेण्याचा खर्च आणि खटाटोप शेतकऱ्याच्या हिशेबात बसेना. दरम्यान अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, मुख्य अट ही: कोयीतल्या किडीचा बंदोबस्त विकिरणाने करायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळालेलं देशातलं पहिलं केंद्र ठरलं ते लासलगावचं, आणि २००७ च्या एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या इथून अमेरिकेला गेल्या. कोकणातला आंबा घाट चढून कांद्याच्या गावी येतो, किरणं घेतो आणि परत मुंबईला विमान गाठायला जातो, हे चित्र काही वर्षं उन्हाळाभर दिसत होतं. पुढे वाशीलाही तशी सोय झाली. न्यू जर्सीतल्या ज्या मराठी घरांत २००७ साली अनेक वर्षांनी हापूस कापला गेला, त्यांतल्या किती जणांना तो लासलगावमार्गे आलाय हे माहीत असेल कोण जाणे.

खाण्याच्या बाबतीत गावाचा थाट साधा आहे. इतका कांदा पिकवणाऱ्या गावाने कांद्याचा एखादा खास पदार्थ नावारूपाला आणला असेल असं वाटतं, पण तसं काही नाही. बुक्कीने फोडलेला कांदा, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. पातीचा हंगाम असला तर पातीचा झुणका. आषाढात कांदेनवमी येते, म्हणजे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांची त्याआधीची शेवटची चंगळ. शहरांत त्या दिवशी भज्यांची कढई चढते. लासलगावातही भजी होतात. चातुर्मास पाळणारी माणसं इथेही आहेत. चार महिने ताटात कांदा घेत नाहीत आणि रोज सकाळी त्याचा भाव मात्र न चुकता विचारतात.

तिथ्यांचा आणि या बाजाराचा संबंध असा जुनाच आहे. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची प्रथा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अमावस्येला सौदा करायचा नाही, असा व्यापाऱ्यांचा नेम. शेतकऱ्यांना तो कधीच पटला नव्हता, कारण कांदा तिथी पाहून सडत नाही आणि बंदनंतरच्या दिवशी आवक दुप्पट होऊन भाव पडतो. पण गावाने त्या सुट्टीभोवती आपलं वेळापत्रक बसवलं होतं: केस कापायचे, दवाखान्यात जायचं, ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचं, ते सगळं अमावस्येला. अलीकडे बाजार समितीने ही प्रथा मोडून अमावस्येलाही लिलाव घेतले. गाड्या आल्या, बोली लागली, भावाच्या शेवटी ‘एक’ही लागला. कांदा विकायला आता अमावस्या चालते. कांद्याच्या पैशातून घ्यायचा नवा ट्रॅक्टर घरी आणायला मात्र तिथी अजून बघावीच लागते.